तलासीच्या भिंतीवरल्या बाहुलीची कहाणी

ऐका मेघांनो, तुमची कहाणी. उंच खडकावर आटपाट गाव होतं. अमेरिकेच्या वाळवंटातले होपी लोक तिथं राहत. तिथं तलासी नावाची बाई होती. घर तिचं, शेत तिचं. आईचं लेकीला जावं अशी तिथली रीत. तिला होनवी नावाचा धाकटा भाऊ होता. त्याचा वसा काय? ओढ्याकाठची वाळली मुळी आणावी, मनोभावे तिची बाहुली कोरावी, मातीच्या रंगांनी रंगवावी. पाऊसपाणी आणणारे देवगण ते काचिना, त्यांचं ते रूप. नाचाच्या दिवशी काचिना यावेत, लहान मुलींना त्या बाहुल्या द्याव्यात. मुलीनं ती उराशी धरावी, मग भिंतीला टांगावी, रोज बघून देवांची नावं शिकावीत. दिलेली बाहुली विकू नये. तलासीची लेक पोली, तिलाही एक मिळाली होती.

मग एक व्यापारी आला. त्यानं होनवीची स्तुती केली. होनवी उतला, मातला, त्याच्यासाठी कोरू लागला. व्यापाऱ्यानं एक नेली, दुसरी नेली. तिसऱ्या खेपेला म्हणाला, नवी नको, जुनी दे. बहीण शेतात मका खुडत होती. होनवीनं पोलीच्या भिंतीवरची काढली नि विकून टाकली.

तलासी घरी आली. भिंत रिकामी, पोली कोपऱ्यात मुसमुसते आहे. तलासीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. भावानं कबूल केलं, म्हणाला तशीच दुसरी कोरून देतो. तलासीनं त्याची हत्यारं उचलली, दाराबाहेर ठेवली. म्हणाली, "हे घर माझ्या आईचं. देवानं लेकराच्या हातात दिलेली वस्तू तू चोरलीस. ती आणल्याशिवाय हा उंबरा चढू नकोस."

मग होनवी नगरात व्यापाऱ्याच्या दुकानी गेला. बाहुली काचेच्या पेटीत. त्यानं हात जोडले, व्यापारी हसला. दुसऱ्या दिवशी गेला, नोकरांनी हाकललं. तिसऱ्या दिवशी दारातच उभा राहिला. येईल त्याला सांगे, ही माझ्या भाचीची, मीच चोरून विकली. गिऱ्हाईक मागे फिरू लागलं. व्यापारी चिडला, बाहुली रस्त्यात फेकली. होनवीनं ती धुळीतून उचलली, पुसली, घरी आणली.

पोलीनं बाहुली पोटाशी धरली. होनवी म्हणाला, ताई, आता तरी राग सोड. तलासी म्हणाली, "बाहुली आली म्हणून दार उघडलं. राग माझा आहे, तो राहील. जेवून घे, नि वसा धर."

मग मेघ आले, मका दाण्यानं भरला. होनवी पुन्हा उतला नाही, मातला नाही. तलासीनं जन्मभर त्या व्यापाऱ्याला गावात पाऊल टाकू दिलं नाही.

जशी पोलीची बाहुली घरी आली, तशी तुम्हां आम्हां सगळ्यांची नेलेली ठेव घरी येवो. साठा बोलांची कहाणी पाचा बोलीं सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.