खोडावरची ओली रेघ

मुलांनो, डोंगराआडच्या रानात आंब्याचे एक म्हातारे झाड होते. त्याची अर्धी बाजू वाळून गेली होती आणि त्याच बाजूच्या ढोलीत एक खार राहत असे. मोठी नेमधर्माची. श्रावण लागला की रोज सकाळी रानाच्या टोकाला वारुळापाशी जायची, पाणी घालायची, फूल वाहायची, मगच दाणा तोंडात टाकायची. या व्रतानेच आपल्याला दोन पिल्ले झाली, अशी तिची श्रद्धा होती.

त्या वर्षी तिला आपल्याच खोडावर मातीची ओली रेघ दिसली. मुळापासून निघून ढोलीकडे चढत आलेली. खारीला भरून आले. "पिल्लांना टाकून लांब जावे लागते, हे देवाला कळले. वारूळच दारी आले," असे म्हणून तिने हात जोडले आणि रोज त्या रेघेवरच पाणी घालू लागली. रेघ फुगत गेली, तिला फाटे फुटले. एका सकाळी उंबऱ्यावर बारीक पंखांचा सडा पडला होता. तोही तिने प्रसाद म्हणून पिल्लांच्या अंथरुणाखाली ठेवला.

शेजारी सुतारपक्षी राहत असे. त्याने खोडावर चोच मारून पाहिली. "वहिनी, ही वाळवी आहे. ऐका, खोड कसे वाळल्या भोपळ्यासारखे वाजते."

"भाऊजी, तुम्हाला झाड दिसले की चोच मारल्याशिवाय राहवत नाही," खार म्हणाली.

"माझी चेष्टा करा, पण ती माती तेवढी खरवडून टाका."

"श्रावणात वारूळ मोडू? लेकुरवाळी आहे मी."

"वारुळाची जागा रानात. घरात चढते ती वाळवी. आणि तुम्ही तिला रोज पाणी पाजताय."

खारीने पाठ फिरवली. तरी पिल्लांनी भिंतीला नख लावले की भुसा गळे, आणि ती तो घाईने झाडून टाकी. "एवढा श्रावण सरू दे, मग बघू," ती मनाशी म्हणे.

श्रावण सरत आला. एका दुपारी वारा सुटला, रोजच्यासारखाच. बाकीची झाडे नुसती डोलली. आंब्याची वाळली बाजू मात्र भिजल्या भाकरीसारखी तुटून खाली आली. फुले आणायला गेलेली खार धावत आली, तेव्हा सुतारपक्ष्याने थोरल्या पिल्लाला चोचीने बाहेर ओढले होते. धाकटे आत राहिले. खार त्याला हाका मारत राहिली.

पुढच्या श्रावणात खार करंजाच्या झाडावर होती. नेम तिने सोडला नव्हता. फूल घेऊन ती रानाच्या टोकाच्या वारुळालाच जाई. पण निघण्याआधी खोडाभोवती फेरी मारी, मातीची रेघ दिसली तर तिथल्या तिथे खरवडे, आणि पिल्लाला म्हणे, "भिंत वाजवून बघ रे."

"भरीव वाजते, आई."

मग ती हात जोडी.

तात्पर्य : हात देवाला जोडावेत, डोळे मात्र घरावर ठेवावेत; घर पोखरले जात असल्याची खूण दिसली, तर तिचा बंदोबस्त उद्यावर टाकू नये.