मुंगीचा खडा गेला कुठे?

एक होती मुंगी. इवलीशी. कंबर तर हीऽ एवढीशी! तिला सापडला खडीसाखरेचा खडा. बाळाला खाऊ मिळाला! मुंगी खडा ओढत निघाली. हुश्श हुश्श! घाम फुटला बाईला.

वाटेत लागली शाळा. शाळेला होती सुट्टी. पण शाळेत भरलं होतं शिबिर, विज्ञानाचं. कुणी चुंबक फिरवत होतं, कुणी फुगे फोडत होतं. फट्! शिबिरातल्या रेवाला दिसला खडा. मुंगी काही दिसली नाही. "अय्या, खडा!" उचलला नि टाकला ताटलीत. ताटलीत होतं चमचाभर पाणी. टुब्! रेवाने बोटाने ढवळलं. गरगर गरगर.

आणि खडा? गेला की!

वर नाही. खाली नाही. मुंगीने पाणी चाखलं. गोड! खडा दिसत नाही, आणि पाणी गोड? हे काय बाई भलतंच!

"ताटली, ताटली, माझा खडा दे ना! बाळ माझं भुकेलं."

ताटली म्हणाली, "नाही देत ज्जा! आधी पाणी जाऊ दे."

"पाण्या, पाण्या,
ताटली खडा देईना.
तू उडून जा ना! बाळ माझं भुकेलं."

पाणी म्हणालं, "नाही जात ज्जा! आधी ऊन येऊ दे."

मुंगी गेली खिडकीत. तुरुतुरु तुरुतुरु.

"उन्हा, उन्हा,
पाणी उडून जाईना,
ताटली खडा देईना.
तू आत ये ना! बाळ माझं भुकेलं."

ऊन म्हणालं, "नाही येत ज्जा! आधी पडदा सरकू दे."

मुंगी चढली पडद्यावर. तुरुतुरु तुरुतुरु.

"पडद्या, पडद्या,
ऊन आत येईना,
पाणी उडून जाईना,
ताटली खडा देईना.
तू बाजूला हो ना! बाळ माझं भुकेलं."

पडदा म्हणाला, "नाही होत ज्जा! आधी रेवाला ओढू दे."

मुंगी आली रेवाकडे. तुरुतुरु तुरुतुरु. रेवा गाल फुगवून बसली होती.

"रेवा, रेवा,
पडदा बाजूला होईना,
ऊन आत येईना,
पाणी उडून जाईना,
ताटली खडा देईना.
तू ऊठ ना! बाळ माझं भुकेलं."

"नाही उठत ज्जा! माझा खडा गेला."

"अगं, तो माझा!"

"तुझा? मग गेला कुठे?"

"मला काय ठाऊक!"

रेवाने डोकं खाजवलं. मुंगीने मिशा खाजवल्या. दोघींना काही म्हणता काही कळेना.

रेवा म्हणाली, "आधी ताई सांगू दे."

शिबिराची ताई, नलूताई. मुंगी पोचली तिच्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"ताई, ताई,
रेवा जागची उठेना,
पडदा बाजूला होईना,
ऊन आत येईना,
पाणी उडून जाईना,
ताटली खडा देईना.
तू सांग ना! बाळ माझं भुकेलं."

ताई हसली. "नाही सांगत ज्जा! इथे सांगायचं नसतं. इथे करून बघायचं!"

करून बघायचं? काय करून? इवल्याशा मुंगीला येतं तरी काय? हां, एक येतं! बरं तर, बघतेच करून!

मुंगी गेली रेवाच्या पायापाशी. अंगठ्याला चावली. कच्च!

"आई गंऽऽ!" रेवा उठली. थयथय नाचली. तोल गेला, पडदा धरला. सर्रर्र!

पडदा बाजूला झाला.
ऊन आत आलं.
पाणी तापलं, तापलं, नि हळूहळू उडून गेलं.
ताटली म्हणाली, "घे बाई तुझा खडा!"

मुंगी बघते तर काय? बारीक बारीक पांढरे दाणे.

"हा कुठला माझा खडा? हा तर चुरा!"

"चाखून बघ," रेवा म्हणाली.

मुंगीने चाखलं. गोड! "अग्गो बाई! पाण्यातच होता की गं!"

"सापडला!" रेवाने टाळी वाजवली. "घे. तुझाच आहे."

मुंगीने एक दाणा तोंडात धरला. घाम नाही, हुश्श नाही. तुरुतुरु घरी! बाळाने खाल्ला. मटमट मटमट.

बाळ म्हणालं, "अजून!"

मुंगी परत आली. रेवा काय करत होती? नवा खडा पाण्यात टाकत होती. टुब्! तिला मुंगी दिसली. तिने पटकन पाय वर घेतले.

"चावू नकोस गं बाई! मीच ओढते पडदा."

सर्रर्र!

खडा विरला, दाणा उरला,
बाळाच्या पोटात गोड गोड शिरला.