जाणत्याचा एक शब्द

फार जुनी गोष्ट आहे, मुलांनो. आणि मुलांच्या पाठीमागे बसून आपलं लक्षच नाही असं दाखवणाऱ्या मोठ्या माणसांनो, तुम्हीही ऐका. खरं तर ही तुमचीच गोष्ट आहे.

एका राज्यात, डोंगरांच्या कुशीत, एक खोरं होतं. तिथली माणसं जरा वेगळी होती. ती करड्या रंगाचे साधे कपडे घालत, शस्त्राला हात लावत नसत आणि कधीही शपथ घेत नसत. 'देवाशप्पथ', 'आईशप्पथ', 'गळ्याशप्पथ' हे शब्द त्यांच्या मुलांना ठाऊकच नव्हते. हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही, एवढाच त्यांचा कायदा. आसपासची माणसं त्यांना हसत, पण बैल विकत घ्यायचा झाला की त्यांच्याचकडे येत. राजाच्या आजोबांनी तर फर्मानच काढलं होतं की दरबारात या लोकांकडून शपथ घेऊ नये, त्यांचा शब्द पुरे.

त्यांच्यात आणखी एक चाल होती. वर्षातून दोनदा, पेरणीआधी आणि कापणीनंतर, सगळे प्रार्थनाघरात जमत आणि एकमेकांचे पाय धूत. पण पाण्याला हात लावण्याआधी खोऱ्याचा गुरू प्रत्येकाला विचारी, "कुणाबद्दल मनात काही?" जो "नाही" म्हणे तो बाकावर बसे. जो "हो" म्हणे तो उभा राही. एकही माणूस उभा असेल तोवर कुणाचेच पाय धुतले जात नसत. मग त्या दोघांनी बाहेर जाऊन काय ते मिटवायचं आणि हसत किंवा रडत आत यायचं. एका वर्षी दोन जावांनी सगळ्या खोऱ्याला दिवे लागेपर्यंत उपाशी बसवलं होतं.

तर या खोऱ्यात दोन मित्र होते. एकाला सगळा धर्मग्रंथ तोंडपाठ, म्हणून लोक त्याला जाणता म्हणत. तो बोलायला लागला की चुलीवर दूध उतू गेलं तरी बायका उठत नसत. दुसरा सुतार. तो गाड्यांची चाकं करी. बोलता बोलता अडे, शब्द शोधत बसे, आणि तोवर समोरचा माणूस जांभई देऊन मोकळा होई.

एका वर्षी म्हातारा गुरू वारला. खोऱ्यात गुरू चिठ्ठीने निवडत. लोकांनी सहा नावं सुचवली, त्यांत या दोघांचीही, मेजावर सहा ग्रंथ मांडले, त्यातल्या एकात चिठ्ठी ठेवलेली. ज्याच्या ग्रंथात ती निघेल तो देवाने निवडलेला. जाणत्याने तर आपलं पहिलं प्रवचन मनात रचूनही ठेवलं होतं. त्याने ग्रंथ उघडला. चिठ्ठी नव्हती. त्याने पानं पुन्हा चाळली, ग्रंथ उलटा धरून झटकला. तेवढ्यात पलीकडे सुतार घाबऱ्या घाबऱ्या म्हणाला, "अरे, माझ्या ग्रंथात काहीतरी आहे रे."

झालं. त्या क्षणी जाणत्याच्या पोटात जो निखारा पडला, तो काही विझला नाही.

"देवाच्या मनात होतं तेच झालं," असं तो सगळ्यांना सांगे. पण सुताराचं प्रवचन सुरू झालं की तो शब्द मोजे. हा उच्चार चुकला, हे वचन अर्धंच सांगितलं, इथे तर गडी पार अडकला. लोक मात्र अडकणाऱ्या सुताराकडे मान पुढे काढून बघत बसत, आणि तो पुन्हा बोलू लागला की त्यांचा जीव भांड्यात पडे. माझ्यासाठी कधी कुणी असा श्वास रोखला होता का, असं जाणत्याला वाटे, आणि त्याला जेवण जात नसे.

"पोटात दुखतंय," तो एकदा ताट सारून म्हणाला.

"ओवा देऊ?" बायकोने विचारलं. "की सुतारभावजींचं आज पुन्हा छान झालं म्हणून दुखतंय? तसं असेल तर घरात औषध नाही हो."

पाय धुण्याचा दिवस आला. सुताराने एकेकाला विचारत विचारत जाणत्याला विचारलं, "कुणाबद्दल मनात काही?"

आता जाणत्याने काय सांगायचं? सुताराने त्याचं शेत लाटलं नव्हतं, त्याच्याबद्दल उणा शब्द काढला नव्हता. तो चांगला आहे, हीच तक्रार. शंभर माणसांदेखत असली तक्रार कुठल्या तोंडाने सांगायची? जाणता म्हणाला, "नाही." पहिल्यांदा जीभ जड झाली. तिसऱ्या वर्षी काहीच झालं नाही.

इकडे सुतार चाकं तासता तासता ग्रंथ वाची. एकच ओळ महिनाभर घोळवी. 'शांतीने राहा' या ओळीवर तो फार दिवस थांबला आणि मग एके सकाळी रंधा ठेवून उठला. खोऱ्याबाहेर एका सरदाराने नदीला बंधारा घालून आपल्या बागेसाठी पाणी अडवलं होतं, आणि खालच्या गावाच्या विहिरी आटल्या होत्या. सुतार तिथे जाऊ लागला.

खोऱ्यातली वडीलधारी माणसं कुरकुरली. "आपण शांततेची माणसं. आपल्याला काय करायचंय बाहेरच्या भांडणात?"

सुतार अडखळत म्हणाला, "शेजारी तहानलेला असताना आपण शांत बसलो, तर... तर ती शांती कसली? ती झोप झाली. आधी त्यांना पाणी मिळायला हवं."

हे वाक्य गावोगाव गेलं. लोक ते पिठाच्या गिरणीपाशी बोलत, बाजारात बोलत. जाणत्याने आजवर हजार सुंदर वाक्यं बोलली होती, त्यातलं एकही खोऱ्याची खिंड ओलांडून गेलं नव्हतं.

एकदा सुतार त्याला म्हणाला, "तू चल ना माझ्याबरोबर. तुला बोलता येतं. मला साधं चार माणसांत सांगता येत नाही." जाणता गेला. खालच्या गावाने त्यांना एका तांब्यात पाणी आणून दिलं. गावात तेवढंच होतं. पहिला घोट सुताराला दिला, मग जाणत्याला. मुलांनो, एवढीशी गोष्ट. पण परतीच्या वाटेवर जाणत्याला दुसरं काही आठवेना.

त्या दिवशी गावातली तरणी पोरं कुदळी घेऊन निघाली होती. सुताराने त्यांना अडवलं. "बंधाऱ्याला हात लावू नका. आपण सगळे जाऊन त्याच्यावर बसू. मारलं तरी मारायचं नाही, आणि उठायचंही नाही." पोरांनी कुदळी खाली ठेवल्या. जाणत्याने हे स्वतःच्या कानांनी ऐकलं.

आठ दिवसांनी कुणीतरी बंधारा फोडला. पहारेकऱ्याचा हात मोडला, बाग वाहून गेली. सरदार दरबारात गरजला, "सुताराने चिथावलं! त्यानेच कुदळी उचलायला लावल्या!"

राजा न्यायी होता, निदान तसं त्याला वाटत असे. त्याने सुताराला विचारलं. सुतार "नाही" म्हणाला. पण आरोपीचा शब्द कायद्यात धरत नसत, आणि खालचं गाव तर सगळंच आरोपी. मग त्या दिवशी आणखी कोण होतं? जाणता होता. त्याला पुढे बोलावलं.

"हा कोण?" राजाने विचारलं.

प्रधान म्हणाला, "हा सुताराचा मित्र, महाराज."

सुताराचा मित्र! ज्याला अख्खा ग्रंथ पाठ, ज्याच्यासाठी दूध उतू जाई, तो सुताराचा मित्र. एवढीच त्याची ओळख. जाणत्याच्या कानशिलांत आग झाली.

"तुमच्याकडून आम्ही शपथ घेत नाही," राजा म्हणाला. "तुमचा शब्द पुरे. सांग, सुताराने त्या लोकांना कुदळी उचलायला सांगितलं का?"

जाणता म्हणाला, "हो."

एकच शब्द. सुताराला सात वर्षं दगडाच्या खाणीची शिक्षा झाली. शिपाई त्याला घेऊन गेले, तेव्हा तो जाणत्याकडे रागाने बघत नव्हता, नुसता गोंधळून बघत होता.

खोरं सुन्न झालं. एकाने नाही म्हटलं, दुसऱ्याने हो म्हटलं, आणि दोघेही आपलेच. असं त्यांच्यात कधी घडलं नव्हतं. अशा वेळी दुसरीकडचे लोक चौकशी करतात, खोदून खोदून विचारतात. यांना ते जमेना, कारण दिलेल्या शब्दाला पुन्हा विचारणं म्हणजे माणसाचा अपमान, अशी त्यांची समजूत. शेवटी दरबाराने ठरवलं तेच खरं धरून ते गप्प राहिले. गुरूची जागा रिकामी होती. पुन्हा चिठ्ठी टाकायला कुणाचं मन धजेना, म्हणून त्यांनी ती जाणत्याला दिली.

मिळाली एकदाची! पहिल्या दिवशी जाणता असा बोलला की भिंतींनीही ऐकावं. प्रवचन संपलं, लोक उठले, आणि दारात त्याला ऐकू आलं, "किती सुंदर बोलतो, नाही? पण सुतार असता तर..." जागा मिळाली होती, पण जाणत्याला तिच्यावर नीट टेकताही येईना.

पेरणी आली. आता प्रश्न विचारायचं काम जाणत्याचं. तो एकेकाला विचारत गेला. "कुणाबद्दल मनात काही?" "नाही." "नाही." "नाही." मग सुताराची बायको आली.

"हो," ती म्हणाली आणि उभी राहिली.

"कुणाबद्दल?"

"तुमच्याबद्दल, भावजी."

शंभर माणसं बाकांवर थिजली. चालीप्रमाणे दोघांना बाहेर जावं लागलं. जाणत्याला वाटलं, आता ही शिव्या देईल, छाती पिटेल. त्याने उत्तरंही तयार केली. पण ती शांतपणे म्हणाली, "भावजी, वीस वर्षं संसार केला, ते माझ्याशी कधी खोटं बोलले नाहीत. आणि तुम्ही तर आमच्या लग्नात वचनं वाचलीत. दोघांपैकी एक खोटा आहे, आणि मला काही ठरवता येत नाही. दरबारातलं मला कळत नाही. तुम्ही मला इथे, समोर उभं राहून एकदा 'हो' म्हणा. मी विश्वास ठेवीन आणि आत जाऊन बसेन."

जाणत्याने तोंड उघडलं. तो शब्द त्याने राजासमोर सहज उच्चारला होता. या बाईसमोर मात्र त्याला तो येईना, कारण ती खरंच विश्वास ठेवणार होती. आज त्याने 'हो' म्हटलं असतं, तर सुताराचं घरही मोडलं असतं.

तो आत गेलाच नाही. तसाच तीन दिवस चालत राजधानीला गेला.

"महाराज," तो म्हणाला, "माझा 'हो' खोटा होता. सुताराने कुदळी खाली ठेवायला लावल्या."

राजा म्हणाला, "तेव्हा 'हो' म्हणालास, आज 'नाही' म्हणतोस. यातला कुठला शब्द मी धरू? एक खोटा असेल तर दुसरा कशावरून खरा? मित्राचा पुळका आला म्हणून आज खोटं बोलत नाहीस कशावरून?"

आयुष्यात पहिल्यांदाच जाणत्याला शब्द शोधावा लागला. शेवटी तो म्हणाला, "महाराज, आपल्या राज्यात खोट्या साक्षीला काय शिक्षा आहे?"

"आरोपीची शिक्षा साक्षीदाराने भोगायची."

"मग मला ती द्या. पुळक्यापायी कुणी सात वर्षं दगड फोडायला जात नाही."

राजाने ते मानलं. पण त्याच दिवशी त्याने आजोबांचं फर्मान मागवलं आणि फाडून टाकलं. "यापुढे खोऱ्यातल्या माणसांनीही इतरांसारखी शपथ घ्यावी. नाहीतर कुठल्याही दरबारात त्यांचं म्हणणं ऐकलं जाणार नाही." आणि शपथ तर ते घेत नसत. तेव्हापासून त्यांचं जनावर चोरीला गेलं तरी त्यांची दाद लागेनाशी झाली, आणि जे शंभर जण कधीच खोटं बोलले नव्हते त्यांनाही ते भोगावं लागलं.

खाणीच्या फाटकात दोघे मित्र भेटले. एक बाहेर येत होता, दुसरा आत जात होता. सुताराचे तळवे सोलून निघाले होते.

"मला तुझा हेवा वाटत होता," जाणता म्हणाला. "त्या चिठ्ठीच्या दिवसापासून."

"दिसत होतं," सुतार म्हणाला. "दर वेळी तुझ्या डोळ्यांत दिसायचं."

"मग मला बाहेर का नेलं नाहीस? भांडला का नाहीस?"

सुतार नेहमीसारखा अडला. मग म्हणाला, "तू 'नाही' म्हणालास ना. मी... मी माझ्या डोळ्यांपेक्षा तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला."

जाणता तिथेच खाली बसला आणि रडला. शिपायाने घटकाभर थांबू दिलं, मग त्याला उठवून आत नेलं. सुतार गावी गेला, आणि चार दिवसांनी पुन्हा खालच्या गावाच्या वाटेला लागला.

हेवा काही एका रडण्यात धुऊन निघत नाही, मुलांनो. खाणीतले कैदी पहिल्याच दिवशी जाणत्याला म्हणाले, "तुझ्या आधी इथे एक सुतार होता. काय माणूस होता! आपली भाकरी वाटून खायचा." जाणत्याच्या पोटात पुन्हा तोच निखारा फुलला. पण या वेळी त्याने हातोडा खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मला त्याचा हेवा वाटतो."

कैदी खो खो हसले. एक जण म्हणाला, "आम्हालाही वाटतो रे बाबा. चल, त्या बाजूने दगड धर." आणि जाणत्याने दगड धरला.

तात्पर्य : हेवा कबूल केला तर माणूस घटकाभर लाजतो, लपवला तर साऱ्या गावाच्या शब्दाची किंमत जाते.