स्पीकरमधला स्स्

“आणि एवढं सगळं करूनही तो जात नसेल तर काय करायचं, माई?”

वरदने विचारलं आणि तो खुर्चीत पुढे सरकून बसला.

माई गानूंनी लगेच उत्तर दिलं नाही. वरदचा हा स्टुडिओ म्हणजे सांगलीतल्या त्याच्या घराची माडीवरची खोली होती आणि जिना चांगलाच उभा होता. माईंनी आधी दम खाल्ला. मग पदराने चष्मा पुसला.

“कोण जात नाही?”

“हा आवाज. ऐका की.”

दोघं गप्प बसली. भिंतींवर आईच्या जुन्या गोधड्या टांगलेल्या होत्या. खिडकी बंद, पंखा बंद. टेबलावर दोन काळे स्पीकर होते आणि त्यांतून एक बारीक आवाज सारखा येत होता.

स्स्...

शेजारच्या घरात कुकरची वाफ निघत असावी, तसा.

“हं,” माई म्हणाल्या.

“हं काय, माई! डोकं फिरायची वेळ आली माझ्यावर.”

यात खोटं काही नव्हतं. वरद शिरगुप्पेने या स्स्पायी घर डोक्यावर घेतलं होतं. वायरी बदलून झाल्या, प्लग बदलून झाला, ट्यूबलाइट काढून झाली. कुणीतरी इंटरनेटवर सांगितलं म्हणून त्याने एकदा अख्खी दुपार आईला फ्रिज बंद ठेवायला लावला. दूध नासलं. स्स् होता तिथेच राहिला. आईने त्यावर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पोरगा हुशार होता. ही गोष्ट त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होती, एवढंच.

पण माई आज जिना चढून आल्या होत्या त्या स्पीकरसाठी नव्हे. त्या आल्या होत्या अंबूताईंच्या टेपसाठी.

अंबूताई हुक्केरीकरांचं गाणं ज्यांनी समोर बसून ऐकलं, ते आजही त्यांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. मात्र अंबूताई जन्मभर यंत्रापुढे गायल्या नाहीत. रेडिओवाले आले, रेकॉर्डवाले आले. सगळ्यांना त्यांनी दारातूनच नमस्कार केला. फक्त शेवटच्या उन्हाळ्यात त्यांनी एका माणसाला मशीन घेऊन घरी बोलावलं. तो माणूस म्हणजे माई.

माईंनी रेडिओवर जन्मभर ध्वनिमुद्रणं केली होती. त्यांच्या कानाचा दबदबा असा, की भले भले गवई त्यांना विचारून माईकपुढे बसत. अंबूताईंच्या त्या टेपा मात्र माईंनी कुणाच्या हाती दिल्या नाहीत. मोठमोठी माणसं मागायला आली. माईंनी त्यांना चहा पाजला, पोहे खिलवले आणि रिकाम्या हातांनी परत पाठवलं.

आता टेपा म्हाताऱ्या झाल्या होत्या. मशीनवर चढवल्या की त्यांची पूड झडायची. एकदा वाजवायचं, ते नीट उतरवून घ्यायचं, आणि संपलं. दुसरी संधी नाही.

म्हणून माई आपल्याकडे शिकणाऱ्या वरदला म्हणाल्या होत्या, “एक टेप ने. कॉम्प्युटरवर चढव, साफ कर. मी येऊन ऐकते. बाकीच्यांचं मग बघू.”

बाकीच्या टेपा माईंच्या मांडीवरच्या पिशवीत होत्या. वरदची नजर सारखी त्या पिशवीकडे जात होती. आज माई ती पिशवी इथे ठेवून जाणार होत्या, नाहीतर ती पुन्हा त्यांच्या कपाटात जाणार होती.

“लाव,” माई म्हणाल्या.

वरदने गाणं लावलं. अंबूताईंचा आवाज खोलीत आला. आवाज कसला, राखेने घासून लख्ख केलेलं भांडंच! कुठे खरखर नाही, कुठे डाग नाही. वरद गाणं ऐकत नव्हता, तो माईंचा चेहरा वाचत होता.

माईंनी डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले.

“कोण गातंय?”

वरद हसला. मग त्याच्या लक्षात आलं की माई चेष्टा करत नाहीत.

“अंबूताई, माई. तुमचीच टेप आहे की ही.”

“अंबूताई मधून मधून श्वास घ्यायच्या.”

...

“तो... तो मुद्दाम नाही काढला,” वरद म्हणाला. “टेपला स्वतःचा एक स्स् होताच. तो काढला. तरी मागे स्स् येतच होता. म्हणून अजून काढला. तरी येतोय! मग अजून थोडा. त्यात श्वास जरा गेला असेल. पण माई, इतकं घासूनही तो आहेच बघा.”

“आणि तंबोरा?”

“आहे की तंबोरा.”

“तार छेडली की आवाज विरत जातो, वरद. हा कात्रीने कापल्यासारखा थांबतोय.”

वरद माउसशी चाळा करू लागला.

“हेडफोन लावून ऐकलं होतंस?”

“हेडफोनवर?” वरदला हा प्रश्न जरा लागला. “नाही माई. ते हौशी लोकांचं काम. खरा इंजिनिअर स्पीकरवरच ऐकतो.”

“बरं. गाणं बंद कर.”

त्याने बंद केलं. अंबूताई थांबल्या. स्स् चालूच राहिला.

“आता कॉम्प्युटरकडून स्पीकरला जाते ती वायर काढ.”

“कशाला?”

“काढ तर.”

वरदने दोन्ही स्पीकरच्या वायरी ओढून काढल्या. आता स्पीकरना जोडलेली होती ती फक्त भिंतीतली वीज. कॉम्प्युटर नाही, टेप नाही, अंबूताई नाहीत. माईंनी हाताने थांब अशी खूण केली आणि दोघं ऐकू लागली.

स्स्...

वरद वायरी हातात धरून उभाच राहिला.

टेपमधला स्स् त्याने पहिल्याच खेपेला काढला होता. तो गेलाही होता. नंतर जो ऐकू येत होता तो या खोक्यांच्या पोटातला होता, गाणं असो वा नसो, चोवीस तास येणारा. आणि तो जात नाही म्हणून वरद रोज थोडं थोडं गाणं खरवडत राहिला होता. श्वास गेला, तंबोरा गेला, सुरांची टोकं गेली. ज्याला काढायचं होतं तो तिथे नव्हताच.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“माझ्या स्पीकरचा मळ...” तो हातातल्या वायरींकडे बघत म्हणाला. “मी अंबूताईंच्या गाण्यातून काढत बसलो, माई.”

माई रागावल्या नाहीत. हा त्यांचा मोठेपणा मला नेहमी थक्क करतो. हातात पिशवी होती, उठून निघून गेल्या असत्या तरी कुणी त्यांना नावं ठेवली नसती. त्यांनी एवढंच विचारलं:

“मूळचं ठेवलंयस ना?”

“ठेवलंय. त्याला हात लावला नाही.”

“मग रडतोस कशाला?”

“हे स्पीकर फेकून देतो, माई. चांगले आणतो. भारीतले.”

“कशाला? त्यांनी काय घोडं मारलंय? मला जरा हात दे.”

माई उठल्या. टेबलाच्या कडेने जाऊन त्यांनी एका स्पीकरच्या मागे हात घातला आणि चाचपून बटण शोधलं.

“हे एवढं वर कुणी ठेवलंय?”

“मीच. दणदणीत वाजावेत म्हणून.”

“म्हणजे काही वाजत नसतानाही हे गळा काढून बसणार.”

त्यांनी बटण खाली आणलं. दुसऱ्याचंही आणलं. स्स् एकदम अर्ध्यावर आला. मग त्यांनी वरदच्या खुर्चीकडे पाहिलं. ती स्पीकरला इतकी चिकटून होती की बसणाऱ्याचं नाक त्यांना लागावं.

“खुर्ची मागे घे. अजून. अजून थोडी. हां. आता वायरी लाव आणि गाण्याचा आवाज कॉम्प्युटरकडून वाढव.”

वरदने तसं केलं. कान देऊन ऐकलं. इतके दिवस छळणारा स्स् आता शोधावा लागत होता.

“थोडा येतोय अजून,” तो म्हणाला.

“येणारच.”

“तो कसा घालवायचा?”

“स्वस्तातला आहे बिचारा, थोडं बोलणारच. बोलू दे. तू अंबूताईंकडे बघ.”

वरदने मूळचं ध्वनिमुद्रण लावलं. धुतलेलं नव्हे, जसं टेपवरून उतरलं होतं तसं.

आधी टेपचा स्वतःचा स्स् आला आणि त्यातून तंबोरा, भरलेला, गुंजणारा. मग कुणीतरी बसल्या जागी जरा सावरून बसलं. बांगडी तंबोऱ्याला लागली. लांब कुठेतरी कावळा ओरडला. आणि मग अंबूताईंनी श्वास घेतला...

वरदच्या अंगावर काटा आला. अजून स्वर लागलाही नव्हता आणि तो कुठल्या उंचीवर लागणार हे त्या श्वासातच कळत होतं.

मग स्वर लागला.

वरदने हे गाणं किती वेळा वाजवलं होतं त्याची गणती नव्हती. पण दर वेळी तो स्स् ऐकत होता. गाणं त्याने आज पहिल्यांदा ऐकलं. म्हातारपणी किंचित कापणारा तो आवाज वरच्या स्वरापाशी जाताना कापायचा थांबत होता. वर पोचला की नुसता उभा राहत होता. वरदला कुणीतरी पाठीवरून हात फिरवावा तसं वाटलं. त्याने डोळे पुसायचा प्रयत्नही केला नाही.

गाणं संपलं. वरदचा हात सवयीने माउसकडे गेला.

माईंनी त्याचं मनगट धरलं.

तंबोरा थांबला. तारांचा नाद विरत विरत गेला. नंतर टेपच्या स्स्शिवाय काहीच नव्हतं. धुतलेल्या प्रतीतून वरदने हा तुकडा कापून टाकला होता. रिकाम्या जागेचं काय करायचं!

माईंनी मनगट सोडलं नाही.

आणि त्या रिकाम्या जागेत एक श्वास ऐकू आला. घेतलेला नव्हे, सोडलेला. लांब, सावकाश.

वरद ताठ बसला. त्याने तेवढाच तुकडा पुन्हा लावला. डोळे मिटून ऐकला.

“माई... हा अंबूताईंचा नाही.”

त्याने स्पीकरकडे बोट केलं.

“अंबूताई माईकच्या समोर होत्या. त्यांचा श्वास जवळून येतो. हा बाजूने येतोय, लांबून. आणि गाणं चालू असताना हा एकदाही येत नाही.” वरद थांबला. “असं कसं होईल? श्वास न घेता कोण बसेल एवढा वेळ?”

माई भिंतीवरच्या गोधडीकडे बघत होत्या.

“घ्यायचा की,” त्या म्हणाल्या. “मशीनपाशी बसणाऱ्यानेही श्वास घ्यावाच लागतो. फक्त गाणारा घेईल तेव्हाच घ्यायचा. तो सोडेल तेव्हा सोडायचा. म्हणजे आपला त्याच्याखाली झाकून जातो.”

“सगळं गाणंभर?”

“सगळी नोकरीभर.”

...

माईंनी मुद्रित केलेली गाणी वरद लहानपणापासून ऐकत आला होता. सगळ्या सांगलीने ऐकली होती. त्यांतल्या एकाही गाण्यात माई कुठे ऐकू येत नव्हत्या, आणि त्यांच्याशिवाय त्यांतलं एकही गाणं आज उरलं नसतं. आपण ज्यांच्याकडे शिकतो त्या कोण आहेत, हे त्याला इतक्या दिवसांनी कळलं.

तो खाली बसला आणि त्याने माईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

“टेपा परत न्या, माई. मी अजून त्या लायकीचा नाही.”

माईंनी पिशवी उचलली. ती त्यांनी वरदच्या दोन्ही हातांत ठेवली आणि त्याची बोटं बंदांवर घट्ट मिटवली.

“जपून चढव. पूड झडते.”

“मी काही पुसणार नाही,” वरद म्हणाला. “शब्द देतो. बांगडी नाही, कावळा नाही. एक श्वाससुद्धा पुसणार नाही, माई.”

माई जिन्यापर्यंत गेल्या. कठड्याला धरून त्या वळल्या.

“माझा तेवढा पूस.”