दीनाबाईने कोरी सोडलेली ओळ

“देवाच्या वचनातली एक ओळ कुणी जाणूनबुजून गाळली, तर त्याला काय म्हणायचं, बाबा?”

पाडळेबाबा ओट्यावर बसून चिंचा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणी गाळली?”

“आधी उत्तर द्या. काय म्हणायचं?”

“उन्हाचा आलास. पाणी पी.”

सिलास मकासरे मास्तरांना पाणी नको होतं, निकाल हवा होता. सायकल त्यांनी कुंपणाशी तशीच आडवी टाकली होती आणि बगलेतली कागदांची पिशवी घट्ट धरून ते ओट्याखाली उभे होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

बाबा या गावच्या ख्रिस्ती मंडळीचे चाळीस वर्षं पाळक, म्हणजे धर्मगुरू, होते. मास्तर त्यांच्याच हाताखाली मिशनच्या बोर्डिंगात वाचायला शिकले, पुढे हेडमास्तर झाले, मंडळीचे सेक्रेटरी झाले. रविवारचं शास्त्रवाचन, म्हणजे देवळात बायबल वाचून दाखवणं, तर वीस वर्षं त्यांच्याकडेच होतं. आवाज खणखणीत. अख्खे अध्याय तोंडपाठ. हे त्यांना ठाऊक होतं, आणि ज्याला ठाऊक नसेल त्याला ते स्वतःच सांगत.

यंदा मंडळीला शंभर वर्षं होत होती. बायबलातली येशूच्या चरित्राची चारही शुभवर्तमानं घराघरांतून हाताने लिहून घ्यायची, एकत्र बांधायची आणि शताब्दीच्या रविवारी देवळात सगळ्यांसमोर ठेवायची, ही कल्पना मास्तरांचीच. कल्पना चांगली होती, त्याबद्दल वाद नाही. चिठ्ठ्या टाकून पानं वाटली. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनीही नातवंडांकडून गिरवून घेतली. रविवार चार दिवसांवर आला होता.

“दीनाबाईची पानं आहेत,” मास्तर म्हणाले. “दीनाबाई बोर्डे. पाच पानं. मत्तय, सव्विसावा अध्याय.”

बाबांचा चिंचेतला हात थांबला.

“तिला तो अध्याय आला?”

“चिठ्ठीत निघाला. मी काय मुद्दाम दिला?”

“मी तसं म्हटलं नाही.”

“सगळं लिहिलंय बाईने. आणि मधेच एक ओळ कोरी! जागा सोडलीय, अगदी मोजून. विसरली असती तर मी समजू शकलो असतो. म्हातारं माणूस आहे, चष्मा जुना आहे. मी स्वतः गेलो तिच्या दारात. म्हटलं, बाई, एवढी एक ओळ राहिली, भरून द्या. तर मला काय म्हणते?”

“काय म्हणते?”

मास्तरांनी तिची नक्कल केली. नक्कल करायला नको होती, पण राग माणसाला नको ते करायला लावतो.

“‘मास्तर, चांदीची नाणी लिव्हली म्या. दगा लिव्हला. मुका घेतला त्ये बी लिव्हलं. समदं लिव्हलं. पन तेवढी वळ न्हाई लिहवत मला. त्यालाबी आई आसंलच ना.’ … ऐकलंत? यहूदा इस्कर्योताच्या आईचा पुळका!”

बाबांनी हातातली चिंच खाली ठेवली.

“कुठली ओळ ते तरी विचारा.”

“कळलं मला.”

ज्या अध्यायात येशू शेवटच्या जेवणाला बसतो, त्यातली ती ओळ. आपल्याला धरून देणाऱ्या शिष्याबद्दल, यहूदाबद्दल, तो म्हणतो, की तो माणूस जन्मालाच आला नसता तर त्याचं बरं झालं असतं.

“शास्त्राच्या शेवटच्या पानावर काय म्हटलंय, बाबा? या पुस्तकातून जो काही काढून टाकील त्याचा वाटा देव काढून घेईल! तिला हेसुद्धा सांगितलं मी.”

“हेसुद्धा सांगितलंस?”

“सांगितलं.”

“मग?”

“मग काय! म्हणाली, घेऊ द्या काढून.” मास्तरांचा आवाज चिरकला. “एका अडाणी बाईने देवाचं वचन दुरुस्त करायचं, आणि आम्ही ते शंभर वर्षांच्या सणाला देवळात मांडायचं? तुमचं ती ऐकते. तुम्ही तिला बोलावून घ्या आणि लिहायला लावा. नाहीतर तिची पानं फाडून मी स्वतः लिहितो. तिच्या घराचं नाव ग्रंथात राहणार नाही. मग कुणी मला बोल लावायचा नाही!”

“आण इकडे पानं.”

बाबांनी हात धोतराला पुसले आणि पानं मांडीवर घेतली. पहिलं वाचलं. दुसरं वाचलं. बोट एकेका अक्षराखालून सरकत होतं. मास्तर एका पायावरून दुसऱ्या पायावर येत राहिले. कोरी ओळ आली तसं बोट थांबलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं …

“अक्षर सुधारलं की तिचं,” बाबा म्हणाले.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मी अक्षराचं बोलायला आलोय का?”

“नाही. बस.”

“नाही बसत.”

“उभा राहा मग. मला सांग, देवाने शास्त्र दिलं कशाला?”

हा प्रश्न बाबा बोर्डिंगातल्या पोरांना विचारत. साठीच्या हेडमास्तरांना विचारावा असा तो प्रश्न नव्हता. तरी उत्तर जिभेवर तयार होतं.

“माणसावर त्याची प्रीती आहे म्हणून. ती माणसाला कळावी म्हणून.”

“सगळं शास्त्र? की मधलं मधलं?”

“सगळं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.”

बाबांनी तिसरं पान मास्तरांपुढे धरलं.

“ही जागा. तुझी ओळ इथे येणार. त्या ओळीत प्रीती कुठल्या शब्दात आहे? बोट ठेवून दाखव.”

मास्तरांनी पानाकडे पाहिलं. ओळ पाठ होती. शब्द न् शब्द मनात उभा राहिला.

“… या ओळीत शिक्षा आहे, बाबा. प्रीती पुढे आहे. वधस्तंभावर.”

“म्हणजे या ओळीत नाही?”

“या ओळीत कशी असेल?”

“मग दीनाबाईचं बरोबर आहे. ज्या ओळीत प्रीती नाही ती देवाची नाही. राहू दे कोरी.”

मास्तरांनी आ वासला.

“असं कसं म्हणता? ती प्रभूच्या तोंडची ओळ आहे!”

“मग प्रीती दाखव.”

“शब्दांत अडकवू नका मला!”

“बरं. म्हणून दाखव. तू वाचतोस तशी.”

आता हे मास्तरांच्या हातचं होतं. त्यांनी छाती भरून घेतली आणि ती ओळ म्हटली. देवळातल्या पुलपिटच्या चौथऱ्यावरून म्हणत तशीच. अंगणातल्या कोंबड्या पंख फडफडवत पांगल्या. पलीकडच्या घरातून कुणीतरी डोकावून पाहिलं.

बाबांनी डोळे मिटले होते.

“अगदी तसाच,” ते म्हणाले. “नऊ वर्षांत काही फरक नाही.”

“कसली नऊ वर्षं?”

“तुला ठाऊक आहे.”

मास्तरांना ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं, फक्त कुणी बोलत नव्हतं.

तेव्हा कबरस्तानाच्या जागेचा दावा चालू होता. दीनाबाईचा आमोस, मंडळीतलाच पोरगा, कोर्टात उभा राहिला आणि त्याने समोरच्यांच्या बाजूने साक्ष दिली. भीतीने दिली की आणखी कशाने, हे त्याला कुणी विचारलं नाही. विचारायची फुरसत कुणाला होती? अर्धं कबरस्तान गेलं. त्याच आठवड्यात, गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी, प्रभुभोजनाची, सगळ्यांनी एक भाकर मोडून खायची, उपासना होती. आमोस आईशेजारी तिसऱ्या बाकावर येऊन बसला. मास्तर वाचायला उठले. या ओळीपाशी आले, थांबले, चष्मा काढला, तिसऱ्या बाकाकडे पाहिलं, आणि तीच ओळ पुन्हा म्हटली. सगळं देऊळ त्या बाकाकडे वळलं. मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि ते जागेवर जाऊन बसले.

आमोस उठून बाहेर गेला. तो आजतागायत आलेला नाही.

“मी एक अक्षरसुद्धा वाढवलं नव्हतं,” मास्तर म्हणाले. “छापलंय तेच वाचलं. त्याने दगा दिला होता. माझा बाप त्या गेलेल्या अर्ध्या जागेत पुरलाय, बाबा! आज तिथे त्यांच्या गाड्या उभ्या राहतात. माझ्या बापाच्या छातीवर!”

हे खरं होतं.

“खरं आहे,” बाबा म्हणाले. “तुझा राग खोटा नव्हता.”

“मग?”

“त्या दिवशी तू पुढचं का वाचलं नाहीस?”

“… कुठलं पुढचं?”

“पुस्तक मिटलंस ना तू? त्या ओळीनंतर काय आहे?”

मास्तरांनी कागदांची पिशवी दुसऱ्या बगलेत घेतली.

“अख्खा अध्याय पाठ आहे म्हणतोस. सांग की! ती ओळ तो कुठे बसून बोलला?”

“जेवायला. वल्हांडण सणाच्या जेवणाला.”

“यहूदा कुठे होता?”

“तिथेच.”

“तिथेच म्हणजे?”

“पंगतीत. त्याच्याबरोबर.”

“ओळ बोलून झाली. त्याला हाकलून दिलं?”

“नाही.”

“मग काय केलं?”

“भाकर घेतली …” मास्तरांचा आवाज आता कोंबड्यांना घाबरवण्याजोगा राहिला नव्हता. “आशीर्वाद दिला. मोडली. शिष्यांना दिली.”

“किती जणांना?”

मास्तरांनी खाली पाहिलं.

“किती जण होते पंगतीला, सिलास?”

“… बारा.”

पाडळेबाबा उठले. ऐंशी वर्षांच्या गुडघ्यांना ते सोसलं नाही, पण ते उठले. एवढं चिडलेलं त्यांना मास्तरांनी बोर्डिंगातसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.

“तिने एक ओळ गाळली म्हणून तू गाव डोक्यावर घेतलंस! आणि त्या गुरुवारी तू किती गाळलंस? भाकर गाळलीस! आईशेजारी बसलेल्या पोराला अर्धं वचन फेकून मारलंस आणि पुस्तक मिटलंस. ती बाई नऊ वर्षं ती ओळ तुझ्या आवाजात ऐकतेय. तुझ्या! प्रभूचा आवाज कसा होता ते तिला कळूच दिलं नाहीस. आणि आता तिलाच सांगतोस, देव तुझा वाटा काढून घेईल?”

मास्तर मागे सरले.

“आणि मी,” बाबा म्हणाले. दम लागला होता. “मी तिथेच खुर्चीत बसलो होतो. पाळक होतो मी! उठून पुढची ओळ मी वाचायची होती. मला वाटलं, मास्तर चिडलेत, जाऊ दे, नंतर बोलू … नंतर भाकर मोडली तेव्हा तो बाक अर्धा रिकामा होता.”



मास्तर ओट्याच्या कडेला बसले. मघापासून बसा म्हटलं तर बसत नव्हते. पानं गोळा करायला त्यांनी हात पुढे केला आणि पुन्हा मागे घेतला.

“म्हणजे ओळ कोरीच ठेवायची?” ते हळू म्हणाले. वाद घालायचं बळ उरलं नव्हतं, पण सेक्रेटरी अजून जिवंत होता. “शंभर वर्षांच्या ग्रंथात … ती प्रभूची ओळ आहे, बाबा.”

“आहेच. ती हवीच. ती गाळायचा अधिकार दीनाबाईला नाही, मला नाही, कुणाला नाही.”

“मग तिला …”

“तिच्याकडून नाही लिहवणार. तिला त्यात मारच ऐकू येतो. तू लिहायची.”

मास्तरांनी सवयीने खिशातलं पेन काढलं. टोपण उघडलं. पान मांडीवर घेतलं आणि कोऱ्या जागेवर पेन टेकवलं.

“इथे नको,” बाबा म्हणाले.

ते आत गेले. मास्तरांना आतून दुरडीवरचं झाकण काढल्याचा आवाज आला. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात फडक्यावर एक बाजरीची भाकरी होती. त्यांनी ती मास्तरांच्या मांडीवरच्या पानावर ठेवली. कोरी ओळ खाली झाकली गेली.

“मला?” मास्तरांनी विचारलं.

“तिच्याकडे न्यायचीय. तिच्या दारात बसून मोडायची. एक तुकडा तिला, एक तुला. मीही येतो. मलाही एक लागेल.”

“ती दारात उभं करील का मला?”

“नाही केलं तर उभा राहा बाहेर. आमोसही राहिला असेल नऊ वर्षं, कुणाच्या तरी दाराबाहेर.”

बाबा वाकून पायाने वहाणा शोधू लागले. मास्तरांनी भाकरी फडक्यात बांधली. गाठ बसेना. शेवटी ती कशीबशी बसली.

“आणि ओळ?” त्यांनी विचारलं. “ती केव्हा लिहायची, बाबा?”

“वाक्य तू नऊ वर्षांपूर्वीच म्हणून बसलायस, सिलास. भाकर द्यायची राहिलीय.”