लाखेनं बंद केलेला बुधला

"उपाय सापडलाय, पण वाचायचे पाच होन पडतील!"

पोथीशाळेच्या दारात दामोदरशेटनं हात आडवा धरला. तेल्याची येसू भडकली. घरी तिचा घाण्याचा बैल खुरकतीच्या रोगानं लोळत पडला होता, आणि उपाय त्याच रोगावरचा.

"अहो शेट, हा उपाय शोधायला राजवैद्यांना पैसा मिळाला तो आमच्या करातूनच ना?"

"शोधायला मिळाला. पोथी माझी! तीत उपाय उतरवून घ्यायला वैद्यबुवांनी मला वर पन्नास होन मोजले, तेही खजिन्यातलेच!"

येसू तडक दरबारात गेली. पण भुजंगराव राजे म्हणजे हट्टाचा डोंगर!

"शेटच्या करारावर माझा शिक्का आहे, पोरी. तो चूक ठरवीन तर मीच. दिवाळीपर्यंत माझ्या तोंडून 'चूक' म्हणवून दाखव. नाहीतर घाणा जप्त!"

"कबूल, महाराज!"

नरक चतुर्दशीची पहाट उजाडली. राजवाड्याच्या तिळाचं तेल येसूकडूनच यायचं. यंदा बैल नव्हता, म्हणून बापलेकींनी स्वतः घाणा ओढला होता. रीत अशी, की राजे एकदा पाटावर बसले की अंगाला तेल लागल्याशिवाय उठायचं नाही. पंचा नेसून राजे कुडकुडत बसले. येसूनं लाखेनं बंद केलेला बुधला पुढे ठेवला आणि स्वस्थ उभी राहिली.

"अगं, उघड ना!"

"पाच होन, महाराज."

"कसले?"

"बुधला माझ्या मामाचा. तेल भरायचे त्यानं पन्नास घेतले, ते वाड्याच्या खर्चात धरलेत. हे उघडायचे."

मंडळी, थंडीत उघड्या अंगानं बसलेल्या गिऱ्हाइकाला घासाघीस जमत नाही! तिकडे बंबातलं पाणी निवत चाललेलं. राजे कडाडले, "तीळ माझे! मजुरी माझी! भरायचे पैसे माझे! आणि माझंच तेल मी पुन्हा विकत घेऊ? चूक आहे हे, साफ चूक!"

फराळाला आलेले दामोदरशेट पुढे सरसावले. "घाणा जप्त करा हिचा, महाराज! असला करार कुणी ऐकलाय का?"

"तुमचाच आहे, शेट," येसू म्हणाली. "अक्षर न् अक्षर तुमच्या करारावरून उतरवलंय. 'उपाय' होता तिथं फक्त 'तेल' घातलं."

राजे असे हसले की पाट डगडगला!

"फाडा तो करार! उपाय गावोगावच्या चावडीवर मोठ्यानं वाचा, फुकट! आणि तुला काय हवं, येसू?"

"पहिलं वाचन आमच्या घाण्यापाशी, महाराज. बैल वाट बघतोय."

"दिलं! वर खिल्लारी बैलांची जोडी. पण बाई गं, आधी तो बुधला उघड, गारठलो!"