अध्यक्षांचे सोळा कोअर

दूध संघाचे अध्यक्ष अप्पासाहेब दळवी यांनी स्वतःच्या केबिनसाठी बाजारातला सर्वांत महागडा प्रोसेसर असलेला संगणक घेतला. तेवढ्या पैशांत हिशेब विभागाला मध्यम प्रतीचे चार सहज आले असते. तिथलं जुनं यंत्र बिलं काढताना अडकायचं आणि दूधवाले खिडकीपाशी ताटकळायचे.

संचालकांच्या सभेत हिशेबनीस खोतबाईंनी नवा संगणक मागितला. अप्पासाहेब दुकानदाराकडून ऐकलेलं ज्ञान पाजळत म्हणाले, "बाई, कोअर म्हणजे प्रोसेसरचे काम करणारे हात. तुमच्या यंत्रात दोन, माझ्या यंत्रात सोळा. फरक कळतो का?"

"कळतो की, साहेब. आमचे दोन कामानं गच्च भरलेत. तुमचे सोळाच्या सोळा अजून कोरे आहेत."

संचालक हसले. अप्पासाहेबही हसायला गेले, पण जमेना. सकाळी सहीसाठी आलेल्या बाईंनी त्यांच्या पडद्यावर मांडलेला पत्त्यांचा डाव पाहिला होता. त्याबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत, हेच त्यांना जास्त झोंबलं.

"माझं यंत्र आजच हिशेबाला न्या," ते खाली मान घालून म्हणाले. "फक्त त्याआधी मला जरा एकट्याला केबिनमध्ये जाऊन येऊ द्या."